पॅनडॉकची जुनी कमांड चालत नाहीये? काय बदललं आणि सूचना कशा अपडेट करायच्या

काही दिवसांपूर्वी रात्री साडेदहाला आटपाडीहून चुलत बहिणीचा फोन आला. "दादा, तुझीच कमांड चालत नाहीये!" डाळिंबशेतीवरचा तिचा मराठी प्रोजेक्ट सकाळी पीडीएफ करून द्यायचा होता. मी इंजिनिअरिंगला असताना, २०१६ मध्ये, मित्रांसाठी मराठीत ज्या सूचना लिहिल्या होत्या, त्या ती अक्षरशः पाळत होती. तिचं काहीच चुकलं नव्हतं. माझ्या सूचना जुन्या झाल्या होत्या.

त्या रात्री जे दुरुस्त केलं, तेच इथे सांगतो.

पॅनडॉक म्हणजे काय?

पॅनडॉक हे एका फॉरमॅटमधला मजकूर दुसऱ्या फॉरमॅटमध्ये नेणारं मोफत सॉफ्टवेअर आहे. साध्या मजकुरातून वर्ड फाइल, वेब पान, ई-बुक किंवा पीडीएफ बनवता येते. बटणं नाहीत, टर्मिनलमध्ये कमांड टाइप करायची. अँड्रॉइड फोनवर टर्मक्स ॲपमध्येही ते इन्स्टॉल होतं. कॅलिफोर्निया विद्यापीठात (बर्कली) तत्त्वज्ञान शिकवणारे जॉन मॅकफार्लेन यांनी ते २००६ मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध केलं.

कमांडमध्ये दोन आडव्या रेघांनंतर जो शब्द येतो, त्याला ऑप्शन म्हणतात. या लेखात ऑप्शन्स देवनागरीत लिहितोय, टाइप करताना ती इंग्रजी अक्षरांतच करायची.

नेमकं काय अडलं?

माझ्या जुन्या कमांडमध्ये दोन ऑप्शन्स होती. एक -एस (मोठं एस) आणि दुसरं --लेटेक-इंजिन. २०१७ मध्ये आलेल्या पॅनडॉक २.० मध्ये दोन्ही काढून टाकली गेली.

बहिणीने एरर बघून जे बहुतेक जण करतात तेच केलं: न चालणारी दोन्ही ऑप्शन्स उडवली आणि पुन्हा एंटर मारलं. आता वेगळाच एरर! कारण दोन्ही ऑप्शन्स गेली असली, तरी दोन्हींची गोष्ट वेगळी आहे.

-एस हे सरळ अवतरणचिन्हांची वळणदार चिन्हं करायचं. आता ही सोय फॉरमॅटचाच भाग झाली आहे आणि पॅनडॉकच्या मार्कडाउनमध्ये आधीपासूनच चालू असते. म्हणून ते नुसतं काढलं तरी चालतं.

--लेटेक-इंजिन मात्र काढून चालत नाही. पीडीएफ करताना पॅनडॉक सहसा पीडीएफलेटेक नावाचं इंजिन वापरतं आणि त्याला आपली युनिकोड देवनागरी झेपत नाही. मराठीसाठी झीलेटेक हे इंजिन मुद्दाम सांगावं लागतं. त्यासाठीचं आजचं ऑप्शन आहे --पीडीएफ-इंजिन.

नाव का बदललं? कारण पीडीएफसाठी लेटेकच हवं असं उरलं नव्हतं. वीझीप्रिंटसारखी, वेब पानावरून पीडीएफ बनवणारी साधनंही याच ऑप्शनने निवडता येऊ लागली. मग 'लेटेक-इंजिन' हे नाव चुकीचंच ठरलं असतं.

आणखी एक गोष्ट. इंजिन बरोबर असलं तरी 'मेनफॉन्ट' म्हणून देवनागरी फॉन्टचं नाव द्यावं लागतं. नाहीतर पीडीएफ तयार होते, पण मराठी अक्षरंच गायब! गुगलचा मोफत नोटो सेरिफ देवनागरी चालतो, फक्त तो आधी इन्स्टॉल केलेला हवा.

जुनं आणि नवं

- --लेटेक-इंजिन: आता --पीडीएफ-इंजिन
- --रेफरन्स-डॉक्स: आता --रेफरन्स-डॉक
- --चॅप्टर्स: आता --टॉप-लेव्हल-डिव्हिजन=चॅप्टर
- --ईपब-स्टाइलशीट: आता --सीएसएस
- --सेल्फ-कंटेन्ड: आता --एम्बेड-रिसोर्सेस आणि --स्टँडअलोन

शेवटचा बदल २०२२ मधल्या २.१९ आवृत्तीतला. फोटोंसकट एकच वेब पान बनवून व्हॉट्सॲपवर पाठवायचं असेल तर हे कामाचं आहे. यात जुनं ऑप्शन लगेच बंद केलं नाही, ते वापरलं तर इशारा मिळतो. इशारा आला की समजायचं, सूचना बदलायची वेळ झाली.

मी सूचना कशा अपडेट केल्या?

आधी वाटलं, जुना शब्द शोधून नवा टाकला की झालं. पण तेवढ्याने भागत नाही.

१. आधी --व्हर्जन देऊन आवृत्ती तपासली आणि ती तारखेसह पानाच्या वर लिहिली. माझ्या जुन्या पानावर हेच नव्हतं, त्यामुळे ते किती जुनं आहे हे बहिणीला कळायला मार्गच नव्हता.

२. प्रत्येक ऑप्शन कशासाठी आहे, हे एका ओळीत लिहिलं. 'हे काढलं तर मराठी येणार नाही' एवढं वाक्य आधी असतं, तर तिचा अर्धा तास वाचला असता.

३. जुनी नावं पुसली नाहीत, 'आता हे वापरा' असं लिहून ठेवली. अडलेला माणूस जुन्याच नावाने शोधत येतो.

४. प्रत्येक कमांड मराठी फाइलवर चालवून, पीडीएफ उघडून पाहिली. इंग्रजी फाइलवर सगळं ठीक दिसतं आणि आपली अडचण लपून राहते.

पॅनडॉकचं अधिकृत मॅन्युअलही मार्कडाउनमध्ये लिहिलेली एक साधी टेक्स्ट फाइल आहे आणि ती गिटहबवर खुली आहे. त्यात काही चुकीचं दिसलं तर तुम्हीही दुरुस्ती सुचवू शकता.

तुम्ही अडलात तर?

आधी एरर पूर्ण वाचा. बहिणीने पाठवलेल्या स्क्रीनच्या फोटोत उत्तर होतंच: --लेटेक-इंजिन काढलं आहे, --पीडीएफ-इंजिन वापरा. इंग्रजी एरर बघून ती घाबरली आणि तिने तो वाचलाच नाही. मग --हेल्प चालवून आजची ऑप्शन्स बघा. एआयला विचारलंत तरी हे तपासाच, कारण तोही जुन्या पानांवरून शिकलेला असतो आणि बंद पडलेलं ऑप्शन बिनधास्त सांगू शकतो.

अकरा वाजून गेल्यावर तिची पीडीएफ निघाली, डाळिंबाच्या फोटोंसकट. मी मात्र झोपायच्या आधी ते २०१६ चं पान दुरुस्त केलं. तुमचंही असं एखादं जुनं पान कुठे पडून असेल, तर त्यातली एक कमांड आज चालवून बघा.