नांगर पडल्यानंतरची होडी

कॅरिबियन समुद्रात ग्रेनेडीन्स बेटांच्या आडोशाला हिवाळाभर शिडाच्या यॉट नांगरून असतात. टोबॅगो केजसारख्या निर्मनुष्य बेटांजवळ धक्काच नाही. जिथे आहे तिथे त्याचं रोजचं भाडं लांबच्या सफरीला निघालेल्यांना परवडत नाही. मग बेक्वे बेटावरच्या अ‍ॅडमिरल्टी बेमध्ये काय किंवा ग्रेनाडाच्या प्रिकली बेमध्ये काय, यॉटवरचा सगळा संसार एका लहान डिंगीतून ये-जा करतो. भाजी, गॅसचा सिलिंडर, पिण्याचं पाणी, धुण्याच्या पिशव्या, कस्टम्सला दाखवायचे कागद, सारं तिच्यातूनच जातं. वारा फिरला तर दुसरा नांगर दूर नेऊन टाकायलाही तीच लागते.

यॉट घेण्याआधी लोक वर्षभर आराखडे चाळतात, जुन्या मालकांना भेटतात. डिंगी आणि तिचं इंजिन मात्र शेवटच्या आठवड्यात, उरलेल्या पैशांत उरकलं जातं. ही घाई महागात पडते. डिंगी किती पळते हे विचारण्याआधी ती रोज संध्याकाळी पाण्याबाहेर कोण काढणार आणि कुठे ठेवणार, याचं उत्तर हाताशी असायला हवं.

दहा-बारा मीटरच्या यॉटवर जागा मोजकीच असते. मागच्या बाजूला डेव्हिट्स, म्हणजे डिंगी टांगायचे दोन आकडे, बसवले तर बेटाबेटांत फिरताना मोठी सोय होते. पण खुल्या महासागरात मागून आलेली एखादी लाट टांगलेल्या डिंगीत शिरली, की पाण्याच्या वजनाने आकडे वाकतात. म्हणून लांबचा पल्ला असेल तेव्हा ती पुढच्या डेकवर उलटी करून बांधतात. मागे ओढत न्यायची सवय तर खाडीपुरतीच ठीक. रात्री शीड चढवायच्या हॅलियार्डने ती बाजूला उचलून टांगली की तळाला शेवाळ-कालवं धरत नाहीत आणि चोराचं कामही अवघड होतं. कॅरिबियनमध्ये डिंगी आणि इंजिनच्या चोऱ्या नवलाच्या नाहीत. नुसत्या दोरीने पाण्यात बांधून ठेवलेली होडी सकाळी जागेवर असेलच असं नाही.

म्हणजे प्रश्न वजनाचा.

वजन कमी ठेवायचं तर हवेने फुगवलेली होडी आधी आठवते, आणि तिचा इतिहास विमानविद्येतून येतो. फ्रान्सची झोडिअ‍ॅक ही कंपनी मुळात हवाई जहाजं बनवणारी. १९३०च्या दशकात तिथल्या पिएर दब्रुतेल यांनी फुगवायची होडी घडवली. १९५२ साली डॉ. आलँ बोंबार ४.६ मीटरच्या झोडिअ‍ॅकमधून कॅनरी बेटांहून एकटे निघाले आणि ६५ दिवसांनी बार्बाडोसला पोहोचले. जहाज बुडालेल्या माणसाला समुद्रात तग धरता येतो, हे त्यांना दाखवून द्यायचं होतं. रबरी होडीची ताकद त्या प्रवासाने जगापुढे आली. तिचा उणेपणा होता तळात: मऊ, सपाट तळ लाटेवर थरथरतो आणि दिशा धरत नाही. १९६०च्या दशकात वेल्समधल्या अटलांटिक कॉलेजात रिअर अ‍ॅडमिरल डेस्मंड होर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी हवेच्या नळ्यांखाली टणक, टोकदार तळ बसवून पाहिला. त्यातून आजची ‘रिब’ आली. ब्रिटनच्या जीवरक्षक संस्थेने, आरएनएलआयने, १९७२पासून ‘अटलांटिक २१’ या रूपात ती वापरात आणली.

आज ग्रेनेडीन्सच्या धक्क्यांवर बहुतांश रिबच बांधलेल्या दिसतात. त्यांत अ‍ॅल्युमिनियमच्या तळाची ३.१ मीटरची हलकी रिब ४५ किलोच्या आसपास भरते. फायबरग्लासची सहसा त्याहून जड असते आणि प्रवाळाच्या खडकावर घासली की तिचे टवके उडतात. गुंडाळून पिशवीत जाणारी फुगवडिंगी लहान यॉटला सोयीची खरी, पण खडकाळ किनाऱ्यावर तिचा तळ लवकर हार मानतो. कापडाच्या बाबतीत काटकसर करू नये. उष्ण कटिबंधातल्या उन्हात पीव्हीसीचे सांधे काही वर्षांत सुटू लागतात, पृष्ठभाग चिकट होतो. हायपालोन तग धरतं. ड्यूपाँटने या नावाचं उत्पादन २०१०मध्ये थांबवलं असलं, तरी त्याच जातीचं कापड इतर कारखान्यांतून येतं. वरून कॅनव्हासचा अभ्रा चढवला तर आयुष्य आणखी वाढतं.

टणक लाकडी किंवा फायबरची डिंगी पसंत करणारेही आहेत, आणि त्यांचं म्हणणं सहज उडवून लावण्यासारखं नाही. लिन आणि लॅरी पार्डी या दांपत्याने ‘सेराफिन’ या २४ फुटी यॉटमधून इंजिनाशिवाय जग पालथं घातलं. त्या यॉटचे आरेखक लाइल हेस यांचीच ‘फॅटी नीज’ डिंगी आजही नावाजली जाते. ती वल्ह्यांनी सुरेख चालते, शिडावरही जाते. रिब वल्हवून पाहा, वाऱ्यापुढे ती जागची हलत नाही. मात्र चार माणसं आणि आठवड्याचा बाजार घेऊन उसळत्या पाण्यातून कोरडं यायचं असेल, तर रिबच बरी.

इंजिनाचं गणित तळाच्या लांबीपासून सुरू होतं. नऊ फुटी होडी पाणी कापत चालते तोवर तिचा वेग चार नॉटच्या आसपास अडतो. तेवढ्याला अडीच अश्वशक्ती पुरते, आणि होंडाचं हवेने थंड होणारं २.३चं इंजिन एका हाताने उचलता येतं. त्यापुढे जायचं तर होडी पाण्यावर उचलली जाऊन घसरत धावली पाहिजे. दोघांसाठी त्याला आठ-दहा अश्वशक्ती लागते, चौघे आणि सामान असेल तर पंधरा. मधली चार-पाच-सहाची इंजिनं वजन वाढवतात, पण एकटा हलका माणूस सोडला तर होडी उचलत नाहीत. ती टाळलेली बरी.

पंधरा अश्वशक्तीचं यामाहाचं जुन्या घडणीचं टू-स्ट्रोक इंजिन ३६ किलोचं, त्याच कंपनीचं फोर-स्ट्रोक ५० किलोंच्या वर. डोलणाऱ्या होडीतून यॉटच्या कठड्यावर इंजिन चढवताना हा फरक कमरेला कळतो. प्रदूषणाच्या नियमांमुळे अमेरिकेत आणि युरोपीय संघात नवं कार्ब्युरेटरचं टू-स्ट्रोक मिळत नाही. ग्रेनाडासारख्या बेटांवर मिळतं, म्हणून कित्येक जण तिथे पोहोचेपर्यंत थांबतात. केरळच्या मच्छीमारांनी अशीच साधी इंजिनं वर्षानुवर्षं रॉकेलवर चालवली आहेत. त्यांची दुरुस्ती किनाऱ्यावरच होते, हा त्यांचा मोठा गुण. पण त्यांतलं बरंच इंधन न जळताच पाण्यात जातं. प्रवाळ बघायला आलेल्या माणसाने त्याच पाण्यात तेलाचा तवंग सोडावा, हे पटत नाही. कंबर साथ देत असेल तर सुमारे ४४ किलोचं सुझुकीचं फोर-स्ट्रोक हा मधला मार्ग आहे.

विजेच्या इंजिनांनी मात्र दोघांच्या यॉटचं चित्र बदललं आहे. जर्मनीत २००५ साली सुरू झालेली टॉर्कीडो ही विजेच्या इंजिनांची कंपनी २०२४मध्ये यामाहाने विकत घेतली, यावरून मोठ्या कारखान्यांचा कल कळतो. ईप्रोपल्शनच्या एक किलोवॅटच्या ‘स्पिरिट’ची बॅटरी १,२७६ वॅट-तासांची, पूर्ण जोरात सव्वा तास, सावकाश बराच जास्त. यॉटवरच्या सौर पट्ट्यांवर ती भरते आणि डिझेलच्या यॉटवर पेट्रोलचे डबे बाळगायची जोखीम टळते. पण ही ताकद तीन अश्वशक्तीच्या पेट्रोल इंजिनाइतकीच. जवळ नांगर टाकणाऱ्याला उत्तम, तीन किलोमीटरवरच्या बाजाराला वाऱ्याविरुद्ध जाणाऱ्याला अपुरी.

इंजिन कुठलंही असो, चालवणाऱ्याच्या पायाला किंवा मनगटाला अडकवायची किल कॉर्ड, म्हणजे तो पडताच इंजिन बंद करणारी दोरी, विसरायची नाही. मे २०१३मध्ये कॉर्नवॉलच्या पॅडस्टोजवळ एका मोठ्या रिबमधून सहा जणांचं अख्खं कुटुंब पाण्यात फेकलं गेलं. दोरी अडकवलेली नव्हती. रिकामी होडी त्यांच्याभोवती फिरत राहिली, दोघांचा जीव गेला. जाणते लोक एक जादा दोरी होडीतच ठेवतात. चालवणारा पाण्यात पडला तर मूळ दोरी त्याच्याबरोबर जाते, आणि मागे राहिलेल्याला इंजिन पुन्हा सुरू करून त्याला उचलायला ती दुसरीच लागते.