पेल्यातली मेणबत्ती मध्येच का विझते?

श्रोतेहो, सोयाबीनचे मेण काचेच्या पेल्यात ओतून घरी मेणबत्ती केली, की पुष्कळदा मध्ये खड्डा पडून ती विझते. आपण मेणाला बोल लावतो. पण दोष बहुधा वातीचा. वात मेण वर ओढते आणि जळते ती त्या मेणाची वाफ. वात बारीक असली तर कडेचे मेण वितळत नाही, मधल्या तळ्यात वात बुडते. मग घाला जाड वात? थांबा! ज्योत उंच जाते, काजळी धरते आणि पेला तापून तडकतो. घरात लहान मूल असेल तर? एकसारख्या तीन पेल्यांत तीन जाडीच्या वाती लावून पाहा. तीन-चार तासांत बेताच्या ज्योतीने कडेपर्यंत मेण वितळवील, ती तुमची वात. पेटवताना दर वेळी ती पाव इंचावर कातरा. वर पांढुरकी बुरशी दिसते म्हणता? ती बुरशी नव्हे, सोयामेणाचे स्फटिक. खुशाल राहू द्या.