लेक मानवशास्त्र शिकायचं म्हणते तेव्हा



बारावीचा निकाल लागला की घराघरांत पुढच्या शिक्षणाची बोलणी सुरू होतात. नर्सिंग, डी.एड., बी.कॉम. ही नावं आपल्या ओळखीची असतात. पण एखादी मुलगी म्हणते, "मला मानवशास्त्र घेऊन बी.ए. करायचंय," आणि नाशिकच्या एखाद्या खासगी महाविद्यालयाचं रंगीत माहितीपत्रक पुढे ठेवते. मग आईला प्रश्न पडतो: हे कसलं शास्त्र? फी भरण्यासाठी गटातून कर्ज काढावं, एवढं त्यात काही आहे का? आज आम्ही याच दोन प्रश्नांवर बोलणार आहोत.

मानवशास्त्र म्हणजे माणसाचा अभ्यास. काही जण त्याला मानववंशशास्त्रही म्हणतात. त्याच्या चार मुख्य शाखा आहेत आणि चारींची उदाहरणं आपल्या आसपासच सापडतात.

पहिली शाखा चालीरीतींची. नाती कशी मोजतात, लग्न कसं ठरतं, जमीन कोणाच्या नावावर जाते, मार्गशीर्षात डोंगऱ्यादेव का बसवतात, बोहाड्याचे मुखवटे कोण घालतं, हे त्यात येतं. दुसरी शाखा शरीराची. सिकल सेलची तपासणी आपल्या आदिवासी पाड्यांवर होते. हा आजार रक्तातून पिढ्यान्‌पिढ्या कसा उतरतो, आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात आजारी मूल होण्याची शक्यता चारात एक का असते, हे ही शाखा शिकवते. तिसरी शाखा जुन्या वस्त्यांची. १९५०-५१ साली डॉ. ह. धी. सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नाशिकला आणि संगमनेरजवळच्या जोर्वे गावी उत्खनन केलं. आज जगभरचे अभ्यासक तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकरी वस्त्यांना 'जोर्वे संस्कृती' म्हणतात, ते याच गावाच्या नावावरून. चौथी शाखा भाषेची. आपल्या जिल्ह्यातली कोकणा बोली, अहिराणी, भिली ही सगळी अभ्यासाची सामग्री आहे.

या शास्त्राची खरी शाळा वर्गाबाहेर असते. विद्यार्थिनीने गावात जाऊन राहायचं, लोकांसोबत काम करायचं, ऐकायचं, परवानगी घेऊन लिहून घ्यायचं. याला क्षेत्रकार्य म्हणतात.

आता तुम्ही म्हणाल, याचा आपल्याशी काय संबंध? संबंध आधीच आलेला आहे. ज्यांच्या घरात जमातीच्या वैधता प्रमाणपत्राचं प्रकरण झालं, त्यांना आठवत असेल. दक्षता पथक घरी येतं आणि कुलदैवत कोणतं, लग्नात काय करता, मयताचे विधी कसे, असे प्रश्न विचारतं. हे प्रश्न मानवशास्त्रातूनच आले आहेत. १९९४ साली माधुरी पाटील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या चौकशीची पद्धत घालून दिली. पुढे २०२३ साली त्याच न्यायालयाने स्पष्ट केलं की केवळ या प्रश्नोत्तरांवरून कोणाचा दावा खरा की खोटा हे ठरवता येणार नाही. म्हणजे कोणीतरी आपल्या चालीरीती कागदावर लिहितो आणि त्या कागदावर लेकराचा प्रवेश आणि नोकरी अडते किंवा सुटते.

वनहक्काचंही तसंच. २००६ च्या कायद्याखाली दावा करताना वडीलधाऱ्यांचं लेखी निवेदन आणि वंशावळ पुरावा म्हणून चालते. मान्यवर संस्थांनी केलेला चालीरीतींचा अभ्यासही चालतो. नियमात त्यासाठी भारतीय मानवशास्त्रीय सर्वेक्षणाचं नाव उदाहरण म्हणून दिलं आहे. वनजमिनीच्या हक्कासाठी मार्च २०१८ मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या हजारो बायाबापड्या नाशिकहून मुंबईपर्यंत चालत गेल्या. तेव्हा आपल्याबद्दल कोण लिहितं, काय लिहितं, ही काही लहान गोष्ट नाही.

म्हणून आम्हाला वाटतं, लिहिणारी आपली लेक असली तर चांगलंच. याची वाट आधीच्यांनी पाडून ठेवली आहे. इरावती कर्वे जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी जर्मनीत बर्लिनला जाऊन मानवशास्त्र शिकल्या. तिथल्या प्राध्यापकांना गोरे लोक जन्मतःच श्रेष्ठ वाटत. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या. मापं तसं सांगत नव्हती, म्हणून त्यांनीही तसं लिहिलं नाही. १९३९ पासून त्यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकवलं, संशोधन केलं. महादेव कोळी समाजात जन्मलेले डॉ. गोविंद गारे पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचे संचालक झाले आणि त्यांनी राज्यातल्या आदिवासी जमातींवर मराठीत पुस्तकं लिहिली.

आता पैशांचं बोलू. 'खासगी' हा शब्द फसवा आहे, कारण त्यात तीन प्रकार येतात. एक, शिक्षणसंस्थेचं पण सरकारी अनुदान मिळणारं महाविद्यालय. इथे फी कमी असते. दोन, विनाअनुदानित महाविद्यालय. इथे शिक्षकांचा पगार मुख्यतः फीमधून निघतो, म्हणून फी जास्त. तीन, खासगी विद्यापीठ. ते स्वतःचीच पदवी देतं. एकाच महाविद्यालयात काही विषय अनुदानित आणि काही विनाअनुदानित असंही असतं. तेव्हा फक्त इमारत पाहून येऊ नका. फी भरण्याआधी हे प्रश्न विचारा.

पदवी कोणाच्या नावाने मिळणार? आपल्याकडची बहुतेक महाविद्यालयं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाला जोडलेली आहेत. या विषयाची मान्यता दाखवा म्हणावं.

मानवशास्त्र मुख्य विषय आहे की जोडविषय? २०२४-२५ पासून नवीन शैक्षणिक धोरणाप्रमाणे 'मेजर' आणि 'मायनर' अशी विभागणी आली आहे. मायनर असेल तर पदवी दुसऱ्याच विषयाची मिळेल.

हा विषय शिकवायला पूर्णवेळ शिक्षक किती? क्षेत्रकार्य कुठे, किती दिवस, आणि त्याचा खर्च फीमध्ये धरला आहे का? मुलींच्या राहण्याची सोय काय?

तिन्ही वर्षांची फी लेखी मिळेल का? 'पुढच्या वर्षी बघू' हे उत्तर घेऊ नका.

आमच्या मुलीला कोणती शिष्यवृत्ती लागू होते? मुलींचं शिक्षण मोफत झालं असं आपण ऐकलं आहे. पण जुलै २०२४ चा तो निर्णय ठराविक व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे, साध्या बी.ए.साठी नाही. अनुसूचित जमातीच्या मुलींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरता येतो. काही योजना खासगी विद्यापीठांना लागू नसतात, म्हणून आधी विचारलेलं बरं.

आणखी एक. मूळ गुणपत्रिका आणि दाखले महाविद्यालयाने स्वतःकडे अडकवून ठेवायचे नाहीत, असं विद्यापीठ अनुदान आयोगाने बजावलेलं आहे. तपासून झाले की परत मागा.

नोकरीचंही खरं तेच सांगायला हवं. नुसत्या बी.ए.वर मानवशास्त्राची म्हणून नोकरी सहसा मिळत नाही. संशोधन अधिकारी, संग्रहालय, प्राध्यापक या वाटांसाठी एम.ए. आणि पुढे शिकावं लागतं. आरोग्य आणि ग्रामविकासाच्या संस्थांना गावात राहून नीट माहिती गोळा करणारी माणसं लागतात, तिथे ही पदवी उपयोगी पडते. "यूपीएससीसाठी हाच विषय घ्या" असंही कोणी सांगेल. त्या परीक्षेत मानवशास्त्र हा ५०० गुणांचा वैकल्पिक विषय आहे, हे खरं. पण कोणत्याही शाखेची पदवीधर तो घेऊ शकते. त्यासाठीच महागडी बी.ए. करण्याची गरज नाही.

घर सोडणं शक्य नसेल तर इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा मानवशास्त्राचा पदवी अभ्यासक्रम आहे. त्याची भाषा, फी आणि प्रात्यक्षिकांची जागा अभ्यासकेंद्रावर विचारून घ्या.

तेव्हा मैत्रिणींनो, लेकीला लगेच नाही म्हणू नका आणि लगेच फीही भरू नका. आधी तिला एक काम द्या. आजीजवळ बसून घराण्याच्या चार पिढ्यांची नावं लिहून काढायला सांगा. त्यात माहेरून आलेल्या बायकांची नावंही हवीत, कारण ती सातबारावर क्वचितच सापडतात. या कामात ती रमली, आणखी चार घरी विचारायला गेली, तर समजा की आवड खरी आहे. मग हे प्रश्न वहीत उतरवा, गटातल्या दोघी-तिघी मिळून महाविद्यालयात जा आणि उत्तरं तिथेच लिहून घ्या.