रात्रीची वही

"उजव्या कुशीवर असला की डाव्या हाताखाली उशी द्यायची. नाहीतर हात लोंबतो आणि सकाळी खांदा दुखतो त्याचा."

आई सांगते आहे आणि समोर मांडी घालून बसलेला मुलगा शंभर पानी वहीत लिहून घेतो आहे. फिजिओथेरपीच्या तिसऱ्या वर्षाला आहे तो.

"पुढे, काकू?"

"पुढे... गुडघ्यांमध्ये छोटी उशी. पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढतात ना."

"आणि किती वेळाने कूस बदलायची?"

आई गप्प होते. तिनं कधी घड्याळ लावलेलं नाही. तिला जाग येते. गेली ३१ वर्षं तिला जाग येते आहे.

डिसेंबरातला शुक्रवार. वाईहून मेणवलीकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या या बैठ्या इमारतीत आम्ही अठरा कुटुंबं उतरलो आहोत. दोन रात्रींचं निवासी शिबिर. नियम एकच, आणि तो आल्याआल्याच सांगून झाला आहे: रात्री मुलांपाशी स्वयंसेवक झोपतील, आईवडील नाहीत. 'मुलं' हा शब्द इथे वयाचा नाही. सगळ्यांत मोठं मूल ५२ वर्षांचं आहे आणि कोरेगावहून त्याला घेऊन आलेली आई ऐंशीच्या घरात. तिच्या पिशवीत त्याचा टॉवेल, त्याच्या गोळ्या, त्याचा आवडता स्टीलचा पेला आहे. स्वतःची शाल मात्र ती विसरून आली आहे.

दादाला सेरेब्रल पाल्सी आहे. तोंडातून शब्द उमटत नाहीत. नजर वर गेली की 'हो', डोळे घट्ट मिटले की 'नाही'. बाकीचं बोलणं पुठ्ठ्यावरच्या अक्षरांवर चालतं: मी ओळीवरून बोट फिरवते, हवं ते अक्षर आलं की तो वर बघतो. एका वाक्याला पाच मिनिटं लागतात. घाईच्या दिवसांत आम्ही हो-नाहीवरच भागवतो, आणि आमच्या घरात बहुतेक दिवस घाईचेच असतात.

दाराशी दोन पायऱ्या आहेत, त्यांवर प्लायवूडची फळी टाकली आहे. कराडचे एक काका, सुतारकाम केलेले, फळीकडे बघून मान हलवतात. "फूटभर उंचीला बारा फूट लांबी लागते. ही सहासुद्धा नाही." मग तेच बाबांना बाजूला करून व्हीलचेअर मागून धरतात. बाबांची कंबर गेली आहे हे त्यांना कोणी सांगितलेलं नाही. त्यांचीही गेली असणार.

रात्री दोनला मला जाग येते. आईचं अंथरूण रिकामं.

बाहेर व्हरांड्यात कडाक्याची थंडी, आणि गर्दी. मोजले तर अकरा जण. कोणी शाल लपेटून खांबाला टेकलेलं, कोणी पायरीवर बसलेलं. जो तो आपापल्या मुलाच्या दाराजवळ. विश्रांतीसाठी आणलेली माणसं ही. साताऱ्याच्या एक बाई मला सरकून जागा देतात. त्यांच्या मुलाला ऑटिझम आहे. रात्री तीनला उठून तो घरभर फेऱ्या मारतो, म्हणून त्याही मारतात. "आज तिथं दुसरं कोणी आहे हे डोक्याला कळतंय," त्या म्हणतात, "अंगाला कळत नाही हो." थर्मासमधला चहा हातोहात फिरतो. कोणी मोठ्यानं बोलत नाही. कोरेगावच्या आजी जप करतात की काही मोजतात ते कळत नाही. मी त्यांच्या खांद्यावर माझी शाल टाकते. त्या न बघताच ती नीट करून घेतात.

आई खिडकीशी उभी आहे. खोलीत ट्यूबलाइट चालू. तो मुलगा उठतो, वही उघडतो, बोट ठेवून वाचतो, मग दादाच्या पाठीमागे हात घालून त्याला हलकेच वळवतो. आईचे ओठ हलतात: "हाताखाली... हाताखाली..." मुलगा दुसरी उशी उचलतो आणि हाताखाली सरकवतो. आई तिथंच जमिनीवर बसते. रडत नाही. नुसती बसून राहते, एखादं ओझं उतरवल्यावर हातांचं काय करायचं ते कळू नये तशी.

शनिवारी सकाळी पिठलं-भाकरीनंतर कायद्याचं सत्र आहे. सांगणाऱ्या ताई समाजकार्याच्या क्षेत्रातल्या आहेत आणि कागद न बघता बोलतात. १९९५च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६च्या कायद्यात २१ झाले. 'निरामय' योजनेत १ लाखापर्यंतचं आरोग्य विम्याचं संरक्षण मिळतं. वह्या भराभर उघडतात. पण खोली शांत होते ती पुढच्या वाक्याला. "मूल १८ वर्षांचं झालं की कायद्याच्या लेखी तुम्ही आपोआप त्याचे पालक राहत नाही." ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व, बहुअपंगत्व असेल तर १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली कायदेशीर पालक नेमता येतो. अर्ज जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करायचा. समितीत जिल्हाधिकारी, एक नोंदणीकृत संस्था, आणि एक अपंग व्यक्ती.

दादाची नजर छताला टेकते. "कळलं कळलं," मी म्हणते.

कोणीतरी विचारतं, सगळ्यांच्या पोटातलं: "आमच्या मागं कोण?" आणि मला जाणवतं, आईबाबा माझ्याकडे बघताहेत. इथं मागच्या रांगेत माझ्यासारखे सहाजण आहेत, भाऊ आणि बहिणी. आम्ही सगळे जमिनीकडे बघतो.

ताई त्या प्रश्नाला लगेच उत्तर देत नाहीत. २०१६चा कायदा आधी सांगतात: अपंग माणसाला इतरांइतकाच कायदेशीर अधिकार आहे, आणि पालकत्व द्यायचंच झालं तर मर्यादित, त्याच्या इच्छेला धरून, त्याच्याशी बोलून घेतलेल्या निर्णयांपुरतं. मग त्या आमच्याजवळ येतात. आईच्या मांडीवरची वही त्यांनी बघितली आहे.

"फार मोलाची आहे ही. यांना वाचून दाखवलीत?"

आई माझ्याकडे बघते. मी बाबांकडे. पालकत्वाचा अर्ज आम्ही दोन वर्षांपूर्वीच भरून ठेवला आहे, माझं नाव घालून. तोही दादाला कोणी वाचून दाखवलेला नाही. मला स्वतःला हे आत्ता, या सतरंजीवर बसल्यावर आठवतं आणि कानशिलं तापतात.

दुपारी आंब्याच्या सावलीत मी वही वाचते. एकेक कलम. दादा नजर वर करत जातो. हो. हो. पाणी चमच्याने: हो. मग अकरावं. "रात्री ट्यूबलाइट चालू ठेवणे."

डोळे घट्ट मिटतात.

मी पुठ्ठा काढते. बं. द.

"अरे, पण अंधारात तुझं हो-नाही मला दिसणार कसं?" आईचा आवाज चढतो. "म्हणून तर ठेवते मी!"

दादा घामाघूम झाला आहे, पण थांबायला तयार नाही. बोट पुन्हा फिरू लागतं. टा. च. आणि त्याची डावी टाच, एवढाच अवयव थोडाफार त्याचं ऐकतो, व्हीलचेअरच्या पायपट्टीवर आपटते. टक्. मी विचारते, "एक म्हणजे हो?" टक्. "आणि नाही?" टक् टक्.

हा आवाज मी ओळखते. घरी रात्री कधीकधी लोखंडी खाटेच्या दांडीवर येतो. पाय झटकतोय, असं म्हणून आई उठते आणि टाचेखाली घडी घातलेली गोधडी ठेवते. वहीत तेही आहे, सहावं कलम.

आई पेन मागते. सहावं खोडते, अकरावं खोडते. मग दादाच्या केसांतून हात फिरवत बराच वेळ काहीच बोलत नाही.

रात्री जेवणं उरकल्यावर ती त्याला निजवते, उश्या लावते, तो मुलगा जवळ उभा राहून बघतो. मग ती स्वतः जाऊन बटण दाबते. खोली काळीमिट्ट होते. तिला अंधारात उंबरठा सापडत नाही, मी हात धरते. ती दारातच थांबते.

"झोपलास का रे?"

टक् टक्.

"मग मी जाऊ?"

टक्.