मोजा, एक
(पडद्याच्या अलीकडे : लेखांक सातवा)

गेल्या शनिवारी रात्री साडेनऊच्या सुमारास आमच्या लंडनमधल्या एजवेअरच्या घरात दुसरं महायुद्ध चालू होतं. तेरा वर्षांचे चिरंजीव पोटाशी उशी धरून गालिच्यावर, मी इस्त्रीच्या टेबलाशी, आणि आप्पा, म्हणजे माझे सासरे, सोफ्याच्या ठरलेल्या कोपऱ्यात. आप्पा साताऱ्याकडचे. फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झाले, आणि सध्या सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आलेत. पडद्यावर तोफा धडाडत होत्या, माती उडत होती, माणसंही उडत होती. आप्पा शांतपणे चिवडा खात होते. मधूनच नातवाला म्हणत, "रायफल अशी धरतात होय रे? ह्याला शिकवलं कुणी?" माझ्याच हातातली इस्त्री दोनदा थांबली.

मग लढाई संपली. पुढच्या प्रसंगात एक पोरगेला सैनिक मेलेल्या मित्राच्या खाटेवर बसून त्याचं सामान खोक्यात भरू लागला. दाढीचा ब्रश, पत्रांचा गठ्ठा, कपडे. संवाद नाही, संगीत नाही. आप्पा उठले आणि वाटी तशीच ठेवून स्वयंपाकघरात गेले. मला वाटलं, पाणी प्यायला गेले असतील. दहा मिनिटांनी बघायला गेले, तर ओट्यावरची भांडी पुसून, मापानं एकात एक बसवून फडताळात लावणं चाललं होतं. कोरडी होती तीसुद्धा पुन्हा पुसत होते.

"काय झालं, आप्पा?"

"काही नाही गं. एकाहत्तरला कंपनीत क्लार्क होतो ना मी. असल्या याद्या केल्यात. दोन साक्षीदारांच्या सह्या लागायच्या." थोड्या वेळानं म्हणाले, "कधी कधी मोजा एकाच पायाचा निघायचा. मोजा, एक, असं लिहायचो."

एवढंच. मग चहा झाला आणि विषय बदलला.

मागच्या लेखांकात आपण गुन्हेकथांच्या मालिका बघितल्या. या आठवड्यात अगदी खऱ्यासारखी युद्धं दाखवणाऱ्या मालिका घ्यायच्या हे आधीच ठरलं होतं, पण मी मांडणी वेगळी करणार होते: पडद्यावर रक्त किती, त्यावर मनाला त्रास किती, असा हिशेब. आप्पांनी ती मोडून टाकली. भडिमार त्यांनी पचवला आणि पायमोज्यापाशी ते उठले. माझं मत आता असं झालंय की युद्धाची मालिका कुणाला किती लागेल हे पडद्यावर काय आहे यावरून फारसं कळत नाही. समोर कोण बसलंय, त्याच्या गाठीला काय आहे, ते बघावं लागतं. आणि गंमत अशी की दूरचित्रवाणीवाल्यांनी, कोर्टांनी, आईबापांनी प्रत्येक वेळी हा समोरचा माणूस अंदाजानंच ठरवला आहे.

आमच्या भागात राहून या विषयापासून सुटकाही नाही. एजवेअर हे नॉर्दर्न लाइनच्या एका फाट्याचं शेवटचं स्टेशन, १९२४ सालचं. दोन स्टेशनं अलीकडे कॉलिंडेलला रॉयल एअर फोर्सचं संग्रहालय. शेजारच्या स्टॅनमोरला बेंटली प्रायरी, जिथून ह्यू डाउडिंग यांनी १९४० ची हवाई लढाई चालवली. डॉलिस हिलला आपलं महाराष्ट्र मंडळ आहे, १९३२ साली सुरू झालेलं. त्याच टेकडीखाली चर्चिल यांच्यासाठी खणलेलं 'पॅडॉक' नावाचं राखीव तळघर आहे. ३ ऑक्टोबर १९४० ला युद्धमंत्रिमंडळाची बैठक तिथे भरली होती. गणपतीच्या आरतीला जाताना हे कुणाच्या ध्यानीमनी नसतं.

खोटी युद्धंही इथलीच. एलस्ट्रीच्या स्टुडिओत 'द डॅम बस्टर्स' झाला, १९५५ मध्ये पडद्यावर आला. आणि जिच्यापासून टीव्हीवरच्या युद्धाची जातच बदलली, ती २००१ ची 'बँड ऑफ ब्रदर्स' घडली हॅटफिल्डच्या बंद पडलेल्या विमानतळावर, आमच्या घरापासून गाडीनं अर्ध्या तासावर. एकच गाव उभारलं आणि तेच रंगरूप बदलून युरोपातली अनेक गावं म्हणून दाखवलं. बॅस्टोनचं बर्फाळ जंगल एका हँगरच्या छपराखाली उभं केलं, बर्फ बहुतेक कागदाचा. नटांकडून खऱ्या माजी मरीन अधिकाऱ्यानं दहा दिवस कवायत करून घेतली.

हे एवढं खरं का वाटतं? त्याची एक साधी यांत्रिक बाजू आहे. स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या १९९८ च्या 'सेव्हिंग प्रायव्हेट रायन'मध्ये कॅमेऱ्याचं शटर नेहमीपेक्षा कमी वेळ उघडं ठेवलं होतं. एरवी पडद्यावरची हालचाल किंचित पुसट असते आणि म्हणूनच डोळ्याला गुळगुळीत दिसते. तो पुसटपणा काढला की मातीचं ढेकूळ न् ढेकूळ सुटं दिसतं आणि सगळं अंगावर तुटक, धसक्यासारखं येतं. त्यात कॅमेरा हातात धरलेला, कुणीतरी जीव घेऊन पळत असल्यासारखा. मध्येच आवाज बुडतो, कान बधिर झाल्यासारखा. 'बँड ऑफ ब्रदर्स'नं हीच पद्धत टीव्हीवर आणली आणि आता बऱ्याच मालिका तीच वापरतात.

हा कागदाचा बर्फ आहे, हे आपल्याला ठाऊक असतं. पण मोठा आवाज झाला की पापणी मिटते, खांदे वर जातात, आणि हे सगळं विचार सुरू व्हायच्या आत होऊन जातं. म्हणून 'अगं, खोटं आहे ते' असं शेजारी बसलेल्यानं सांगून छातीची धडधड लगेच थांबत नाही. ती थोड्या वेळानं आपसूक थांबते. हा त्रास शरीराचा, आणि माझ्या मते त्यातला सर्वांत हलका. आप्पांना तर तोही झाला नाही. तो आवाज त्यांच्या ओळखीचा होता.

दुसरा त्रास घरी येऊन बसतो. २३ सप्टेंबर १९८४ ला बीबीसीनं 'थ्रेड्स' दाखवला: शेफील्ड शहरावर अणुबॉम्ब पडतो, त्याची गोष्ट. लेखक बॅरी हाइन्स, दिग्दर्शक मिक जॅक्सन. ऑक्टोबर २०२४ मध्ये तो पुन्हा लागला, तेव्हा मी बघितला आणि दोन रात्री नीट झोपले नाही. इमारती कोसळल्या, लोक जळाले, ते सगळं आता धूसर झालंय. डोक्यात राहिल्या त्या दाराशी ठेवलेल्या दुधाच्या बाटल्या. आगीच्या झळीनं त्या वितळतात. आमच्या रस्त्यावर अजून एका घरी सकाळी अशा बाटल्या येतात. युद्धपटानं रणांगण दाखवलं की प्रेक्षक रणांगणावर जाऊन परत येतो. त्यानं उंबरठा दाखवला की परत यायला जागाच राहत नाही.

याच धर्तीचा अमेरिकी चित्रपट 'द डे आफ्टर' त्याआधी, २० नोव्हेंबर १९८३ ला लागला होता. सुमारे दहा कोटी लोकांनी पाहिला. लहान मुलांना दाखवू नका, असं आधी सगळीकडे बजावलं होतं. लगेच जोआन कँटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फोनवरून कुटुंबांची पाहणी केली, तर निघालं भलतंच: बारा वर्षांखालच्या मुलांना सर्वांत कमी त्रास झाला होता, पौगंडावस्थेतल्यांना जास्त, आणि सर्वाधिक आईबापांना. कारण कळलं की पटतं. लहान मूल दिसण्याला घाबरतं: विद्रूप चेहरा, राक्षस, रक्त. त्या चित्रपटातली खरी भीती दिसण्यात नव्हती. आता यापुढे काहीच उरलं नाही, हे ज्याला उमगतं त्यालाच ती लागते. आणि ते उमगायला घर, कर्ज, म्हातारे आईवडील असं काहीतरी पाठीशी लागतं.

लहानांना काही होतच नाही, असं मात्र कुणी समजू नये. ३१ ऑक्टोबर १९९२ ला बीबीसीनं 'घोस्टवॉच' नावाचं भुताचं नाटक थेट प्रक्षेपण असल्यासारखं दाखवलं. १९९४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये दोन डॉक्टरांनी ते बघून आजारी पडलेल्या दहा वर्षांच्या दोन मुलांची नोंद केली. युद्धाचा तिथे संबंध नव्हता, पण धडा आपल्या कामाचा आहे: हे नाटक आहे, ही चौकट काढून घेतली की मूल उघडं पडतं. (नुसत्या टीव्ही बघण्याला 'आघातोत्तर ताण' म्हणायला अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांची २०१३ ची नियमपुस्तिका तयार नाही, कामाचा भाग म्हणून बघावं लागत असेल तरच. तेव्हा 'मला अमुक मालिकेनं ट्रॉमा दिला' हे वाक्य जरा जपून वापरावं.)

आता अंदाजाच्या प्रेक्षकाकडे येते. पीटर वॉटकिन्स यांचा 'द वॉर गेम' १९६५ साली तयार झाला आणि फार भयंकर आहे म्हणून बीबीसीनं तो रोखला. घरात एकटी, म्हातारी माणसं तो बघतील, ही काळजी त्यामागे होती. चित्रपटगृहांत लागायला मात्र हरकत नव्हती आणि त्याला ऑस्करही मिळालं. टीव्हीवर यायला ३१ जुलै १९८५ उजाडलं, म्हणजे 'थ्रेड्स' होऊन गेल्यावर. एकट्या म्हाताऱ्यांना विचारलं कुणीच नाही.

आपल्याकडे १९८८ च्या जानेवारीत गोविंद निहलानी यांची 'तमस' दूरदर्शनवर सुरू झाली. विषय फाळणीच्या दंगलींचा, पण घराघरांत पोचलेला तो रक्तपात खराखुरा होता. मुंबई उच्च न्यायालयात स्थगिती मागितली गेली. न्यायमूर्ती लेंटिन आणि सुजाता मनोहर यांनी मालिका स्वतः बसून पाहिली आणि प्रक्षेपणाची वाट मोकळी केली. सर्वोच्च न्यायालयानंही ती मोकळीच ठेवली. त्या निकालात आधार घेतला तो नागपूरचे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांच्या १९४६ च्या कसोटीचा: परिणाम मोजायचा तो समंजस, खंबीर माणसावरचा, जागोजागी धोका दिसणाऱ्या डळमळीत मनावरचा नव्हे. कायद्याला अशी कसोटी लागतेच आणि निकाल योग्यच होता, याबद्दल मला शंका नाही. पण सोफ्यावर बसलेला माणूस त्या कसोटीत मावत नाही. आमच्या घरात आप्पांइतकं खंबीर कुणी नाही, आणि उठून गेले ते आप्पाच.

त्रास झाला म्हणजे वाईटच झालं, असंही नाही. १९७९ च्या जानेवारीत पश्चिम जर्मनीत 'होलोकॉस्ट' ही अमेरिकी मालिका लागली. जाणकारांनी तिला बाजारू म्हटलं. सुमारे दोन कोटी लोकांनी ती पाहिली, वाहिन्यांचे फोन दिवसेंदिवस खणखणत राहिले. त्याच वर्षी जुलैमध्ये तिथल्या संसदेनं खुनाच्या गुन्ह्यावरची कालमर्यादा उठवली. सगळं श्रेय मालिकेचं नसेल, पण त्या चर्चेत तिचं नाव होतं.

मग बघायचं कसं? झोपायच्या तोंडावर तीन भाग सलग बघू नयेत, हे तुम्हाला माझ्याइतकंच कळतं. एक मात्र नवं सांगते. ऑक्सफर्डमध्ये एमिली होम्स आणि सहकाऱ्यांनी लोकांना क्लेशकारक चित्रफिती दाखवल्या आणि त्यानंतर काहींना टेट्रिस, म्हणजे ठोकळे एकमेकांत बसवायचा खेळ, खेळायला दिला. २००९ मध्ये छापून आलेला निष्कर्ष असा, की खेळणाऱ्यांना ती दृश्यं पुढच्या आठवड्यात कमी वेळा आठवली. तर्क असा की डोळ्यांसमोरच्या चित्रांची जागा दुसऱ्या चित्रांनी अडवली की ती तेवढी घट्ट बसत नाहीत. भांडी मापानं एकात एक बसवणं हे वेगळं काय आहे? प्रयोगशाळेशिवाय आप्पांना ते कुणी शिकवलं, देव जाणे.

साताऱ्याजवळ अपशिंगे मिलिटरी नावाचं गाव आहे. पहिल्या महायुद्धात तिथले ४६ जवान गेले, त्यांचं स्मारक गावात उभं आहे. अशा मुलखात प्रत्येक आळीत यादी लिहिलेलं किंवा यादीबरोबर आलेली ट्रंक उघडलेलं कुणीतरी निघेल. तुमच्या घरी असं कुणी मालिका चालू असताना उठून गेलं, तर 'या ना, आता चांगलं आहे' म्हणून हाका मारू नका. मागून जा, जमलं तर एखादं फडकं हातात घ्या. विचारायचं असेल तर एकदाच विचारा. रात्र रात्र झोप उडत असेल तर मात्र गोष्ट घरातल्या घरात ठेवू नका. इथे माजी सैनिकांसाठी १९१९ पासून काम करणारी 'कॉम्बॅट स्ट्रेस' आहे. तिकडे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन विचारता येतं.

येत्या शनिवारी पुढचा भाग आहे. आप्पा बघणार आहेत. सामान भरायचा प्रसंग असलाच तर आधी सांग, असं त्यांनी नातवाला बजावून ठेवलंय, आणि नातवानं सगळं कथानक वाचून काढलंय.