मनोरंजन उद्यानाचे तिकीट आणि विस्ताराचे गणित

गावच्या जत्रेत पाळणेवाला प्रत्येक फेरीचे पैसे वेगळे घेतो. ज्याला एकदा बसावयाचे त्याने एकदाचे द्यावे, ज्याला चारदा बसावयाचे त्याने चारदाचे. आणि नुसते उभे राहून पाहणाऱ्याला काहीच द्यावे लागत नाही. करमणुकीची किंमत देण्याची हीच रीत महाराष्ट्रातील कित्येक पिढ्यांना परिचित आहे. त्यामुळे थीम पार्कच्या फाटकावर माणशी एकरकमी तिकीट मागितले जाते तेव्हा एक प्रश्न हमखास उपस्थित होतो : आजीबाई सावलीत बसून नातवंडांच्या पिशव्या सांभाळणार, त्यांच्याकडून रोलर कोस्टरचे पैसे कशासाठी? ज्येष्ठांना थोडीफार सवलत मिळते हे खरे. पण मूळ प्रश्न रास्त आहे. त्याच्या उत्तरात या व्यवसायाचे सगळे अर्थकारण सामावले आहे, आणि पुढचा पाळणा केव्हा उभा राहणार हेही त्यावरच अवलंबून असते.

ज्या उद्यानाचे अनुकरण पुढे जगभर झाले, ते अमेरिकेतील डिस्नेलँडही आरंभी जत्रेसारखेच चालत असे. कॅलिफोर्नियातील अ‍ॅनहाइम येथे १७ जुलै १९५५ रोजी ते सुरू झाले, तेव्हा आत जाण्याचे शुल्क निराळे आणि प्रत्येक खेळाचे निराळे होते. त्याच वर्षी कुपनांची पुस्तके निघाली. कुपनांवर अक्षरे छापलेली असत : ‘ए’ म्हणजे साधा, स्वस्त खेळ; पुढच्या अक्षरांचे खेळ चढत्या मोलाचे. १९५९ मध्ये सर्वांत मागणी असलेल्या खेळांसाठी ‘ई’ कुपन आले. पुस्तकात प्रत्येक अक्षराची ठरावीक कुपने असल्यामुळे लोक आवडत्या खेळांबरोबर दुय्यम खेळांकडेही वळत आणि गर्दी आपोआप विभागली जाई. १९८२ मध्ये ही पद्धत संपुष्टात आली आणि एकाच तिकिटात सर्व खेळ खुले झाले.

तत्पूर्वी, १९७१ मध्ये, वॉल्टर ओय या अर्थशास्त्रज्ञाने याच विषयावर एक निबंध लिहिला आणि तो अर्थशास्त्राच्या अभ्यासक्रमांतून आजही शिकविला जातो. त्याने विचारलेला प्रश्न साधा होता : फाटकावर भरपूर पैसे घेऊन खेळ फुकट द्यावेत, की फाटक खुले ठेवून खेळांचे पैसे घ्यावेत? सर्व माणसे एकाच आवडीची असतील तर पहिला मार्ग उद्यानाच्या अधिक हिताचा. खेळाचा दर त्यास येणाऱ्या प्रत्यक्ष खर्चाइतकाच ठेवावा आणि लोकांना मिळणाऱ्या समाधानाचे मोल फाटकावरच वसूल करावे. परंतु माणसे एकसारखी नसतात. कोणी दिवसभर पाळण्यांवर असतो, कोणी मुलांमागे केवळ चालत राहतो. फाटकाचा दर फार चढविला तर हा दुसरा वर्ग घरीच राहतो, आणि तो एकटा राहत नाही. सारे कुटुंबच राहते. म्हणून कुठले तरी मधले प्रमाण शोधावे लागते. ते कागदावर निघत नाही, अनुभवाने सापडते.

खेळ ‘फुकट’ झाले की पैशाची जागा रांग घेते. एक उदाहरण कल्पू या. एका रोलर कोस्टरच्या गाडीत २४ जण बसतात आणि दर दोन मिनिटांस एक गाडी सुटते. म्हणजे तासाला ७२०, आणि आठ तासांच्या दिवसात ५,७६० आसने. उद्यानात त्या दिवशी दहा हजार लोक आले असतील तर निम्म्याजवळ माणसांच्या वाट्याला तो खेळ एकदाही येणार नाही. मग त्यांनी तिकीट कितीही रुपयांचे घेतलेले असो. याचा अर्थ असा की तिकिटाने आपण खेळ विकत घेत नाही, तर त्या दिवशीच्या क्षमतेतील आपला वाटा घेतो. हा वाटा मंगळवारी मोठा असतो आणि दिवाळीच्या सुटीतील रविवारी अगदी लहान. रविवारचे तिकीट महाग असते ते याचसाठी. डिस्नेलँडने २०१६ पासून एका दिवसाच्या तिकिटाचा दर तारखेच्या मागणीनुसार वेगवेगळा ठेवण्यास आरंभ केला. त्यामागेही हेच कारण होते.

याच रांगेतून आणखी एक प्रकार जन्मास आला. रांग टाळून पुढे जाण्याची सोय डिस्नेच्या उद्यानांत १९९९ मध्ये विनामूल्य सुरू झाली होती. २०२१ मध्ये तिच्या जागी सशुल्क सोय आली. भारतातील मोठ्या उद्यानांनीही जलद प्रवेशाची महाग तिकिटे विक्रीस काढली. वस्तुतः हे जुने ‘ई’ कुपनच मागील दाराने परत आले आहे. तथापि दोहोंत एक भेद आहे, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते तो लहान नाही. कुपन घेणारा केवळ आपल्या खेळाचे पैसे देई. जलद तिकीट घेणारा शेजारच्या माणसाची रांग लांबवितो. अशा तिकिटांची संख्या मर्यादित न ठेवल्यास साधे तिकीट घेणाऱ्या कुटुंबाच्या वाट्याचा दिवस हळूहळू आखडत जातो आणि दरपत्रकात त्याची कोठेही नोंद होत नाही.

कर्जावर उभारलेला आनंद

मनोरंजन उद्यानाचा बहुतेक खर्च पहिला प्रेक्षक येण्यापूर्वीच होऊन गेलेला असतो. जमीन, यंत्रे, रस्ते, पाणी, वीज आणि त्यांवरील व्याज हा भार, उद्यानात शंभर माणसे आली काय आणि दहा हजार आली काय, सारखाच राहतो. एक जादा माणूस आल्याने मात्र खर्चात फारच थोडी भर पडते. म्हणूनच आडवाराला शाळांच्या सहलींना मोठी सवलत देणे उद्यानास परवडते, आणि म्हणूनच जुलै-ऑगस्टच्या पावसात ओस पडलेले उद्यान मालकाची झोप उडविते.

या गणितात विस्ताराचा खर्च मिसळला म्हणजे काय होते, ते पॅरिसजवळील उद्यानाच्या इतिहासावरून दिसते. डिस्नेचे हे उद्यान १२ एप्रिल १९९२ रोजी सुरू झाले. हॉटेलांसह सर्व पसारा एकदम उभारण्यात आला होता आणि त्याचा मोठा भाग कर्जाऊ रकमेचा होता. लोक आले, परंतु अपेक्षेइतके आले नाहीत, आणि आलेल्यांनी हात आखडता घेतला. १९९४ मध्ये कर्जदात्या बँकांना व्याजात सवलत द्यावी लागली व नवे भांडवल आणावे लागले. पुढच्या वर्षी व्यवस्थापनाने दोन गोष्टी एकत्र केल्या : हंगामातील प्रौढांचे तिकीट २५० फ्रँकवरून १९५ फ्रँकवर आणले, आणि १ जून १९९५ रोजी एक मोठा नवा रोलर कोस्टर सुरू केला. वर्षाची प्रेक्षकसंख्या सुमारे ८८ लाखांवरून १०७ लाखांवर गेली आणि उद्यानाला प्रथमच वार्षिक नफा झाला. यश दर उतरविल्याचे की नव्या खेळाचे, हे वेगळे काढता येणार नाही. मात्र व्याजाचा भार आधी हलका झाला नसता तर यांपैकी एकही गोष्ट करण्याची ताकद उरली नसती, हे निश्चित.

आपल्या राज्यात खोपोलीजवळ, मुंबई-पुणे द्रुतगती महामार्गापासून थोड्याच अंतरावर, २०१३ मध्ये अ‍ॅडलॅब्ज इमॅजिका हे उद्यान सुरू झाले. त्याआधी गोराई येथे १९८९ मध्ये एस्सेलवर्ल्ड आणि १९९८ मध्ये त्यालगत वॉटर किंग्डम ही उद्याने सुरू झाली होती व खाडी ओलांडून लाँचने तेथे जाणे हाच मुंबईच्या मुलांच्या सहलीचा अर्धा आनंद असे. खोपोलीचा प्रकल्प त्याहून पुष्कळ मोठा होता. परदेशी आराखड्यांचे रोलर कोस्टर, अंतर्गृहातील देखावे, उपाहारगृहे असा त्याचा थाट. २०१४ मध्ये जलक्रीडा उद्यान, २०१५ मध्ये हॉटेल आणि २०१६ मध्ये हिमोद्यान अशी भर ओळीने पडत गेली. २०१५ मध्ये समभागांची जी सार्वजनिक विक्री करण्यात आली तिचा एक मुख्य हेतू कर्जाची अंशतः परतफेड हाच होता.

पाहुणे येत होते, खेळांची वाखाणणीही होत होती. परंतु व्याज त्याहून वेगाने वाढत होते. असे झाले की उद्यान कात्रीत सापडते. दर वाढवावा तर मध्यमवर्गीय कुटुंब दोन वर्षांतून एकदाऐवजी पाच वर्षांतून एकदा येते. उतरवावा तर हप्ता भागत नाही. मार्च २०२० मध्ये महामारीमुळे फाटकच बंद झाले. अखेर २०२२ मध्ये कर्जदात्यांशी तडजोड होऊन संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे कंपनीचे नियंत्रण आले. त्यानंतर या समूहाची लोणावळा व शिर्डी येथील उद्यानेही त्याच कंपनीच्या छत्राखाली आणण्यात आली.

दक्षिणेत एका उद्योगाने दुसरी वाट धरली. कोची येथे २००० साली ‘वीगालँड’ या नावाने सुरू झालेले आणि पुढे वंडरला म्हणून ओळखले जाऊ लागलेले उद्यान पाच वर्षांनी बंगळुरूस पोहोचले, हैदराबादला २०१६ मध्ये व भुवनेश्वरला २०२४ मध्ये. दोन पावलांमधील अंतर पाहण्यासारखे आहे. आपल्या पाळण्यांपैकी काही हा उद्योग कोची येथील स्वतःच्या कार्यशाळेत तयार करतो, त्यामुळे परकीय चलन, आयात शुल्क आणि सुट्या भागांसाठी ताटकळणे पुष्कळ अंशी वाचते. दिमाखात ते खोपोलीच्या बरोबरीचे नसतील. पण तिकिटातील मोठा हिस्सा सावकाराच्या घरी जात नाही.

अर्थात, विस्तार टाळूनही चालत नाही. ज्या मुलाने सगळे पाळणे पाहिले ते पुन्हा त्याच पाळण्यांसाठी हट्ट धरत नाही. दर दोन-तीन वर्षांनी काही तरी नवे उभे करावे लागते, आणि ते जुने बंद न करता उभे करावयाचे तर जागा हवी. अ‍ॅनहाइमला ही चूक महाग पडली. तेथे मूळ जमीन सुमारे १६० एकर होती. उद्यान गाजताच भोवती इतरांच्या मोटेलांची दाटी झाली. त्यावरून शहाणे होऊन कंपनीने १९६० नंतरच्या दशकात फ्लोरिडात गुपचूप सत्तावीस हजार एकरांहून अधिक जमीन खरेदी केली. अ‍ॅनहाइममध्ये मात्र २००१ चे दुसरे उद्यान जुन्या वाहनतळावर बांधावे लागले. २०२४ मध्ये तेथील नगर परिषदेने पुढील विस्तारास मान्यता दिली ती मोकळी नव्हे : दहा वर्षांत किमान १९० कोटी डॉलरची गुंतवणूक करण्याचे बंधन कंपनीवर घालण्यात आले.

शासनाचा वाटा

तिकिटातील एक भाग कराचा असतो आणि तो कुटुंबाला चांगलाच जाणवतो. पूर्वी राज्याचे करमणूक शुल्क १९२३ च्या अधिनियमान्वये आकारले जाई. जून २०१५ पासून त्यात केंद्राच्या सेवाकराची भर पडली. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला तेव्हा मनोरंजन उद्यानांचा समावेश २८ टक्क्यांच्या वर्गात झाला. २५ जानेवारी २०१८ पासून तो १८ टक्क्यांवर आणण्यात आला. करापूर्वीचे तिकीट एक हजार रुपयांचे धरले तर चार जणांच्या कुटुंबाचे यात चारशे रुपये वाचले. खोपोलीच्या वाटेवरील दोन वेळच्या चहा-नाश्त्याचा हा खर्च होय.

कराचा परिणाम तिकिटापुरता राहत नाही. चेन्नईजवळ वंडरलाने घेतलेली जमीन स्थानिक संस्थांच्या करमणूक कराचा प्रश्न न सुटल्यामुळे कित्येक वर्षे पडून होती. तमिळनाडू शासनाने सवलत दिल्यावरच काम पुढे सरकले. ओडिशाने भुवनेश्वरसाठी शासकीय जमीन दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिली, त्यामुळे जमिनीपोटी मोठी रक्कम आरंभीच गुंतवावी लागली नाही. अशी सवलत देताना तिचा लाभ फाटकापर्यंत पोहोचतो की ताळेबंदातच थांबतो, हे पाहण्याचा अधिकार शासनाला असला पाहिजे. आडवारी शाळांसाठी ठरावीक संख्येने सवलतीची तिकिटे किंवा जवळच्या स्थानकापासून बससेवा अशा अटी घालणे अवघड नाही. वस्तूच्या रूपाने मिळालेली ही परतफेड जिल्ह्यातील मुलांच्या थेट उपयोगी पडेल.

सहल ठरविणाऱ्या पालकांनी व शिक्षकांनी दरपत्रक वाचताना काही गोष्टी मुद्दाम पाहाव्यात. मुलांचे तिकीट बहुधा वयावर नव्हे, उंचीवर ठरते. पाळण्यांच्या सुरक्षिततेचा नियम उंचीचा असतो आणि उंचीला दाखला लागत नाही. तेव्हा घरातील भिंतीशी मूल मोजूनच निघावे. कोरड्या व जलक्रीडा उद्यानाचे संयुक्त तिकीट स्वस्त दिसले तरी एका दिवसात दोन्ही पुरी होत नाहीत. बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेता येतात का, हे आधीच विचारावे, कारण तिकिटाखालोखाल कुटुंबाचा पैसा तेथेच खर्च होतो. आणि दुरुस्तीसाठी कोणता पाळणा बंद आहे, याची चौकशी निघण्याच्या आदल्या दिवशी दूरध्वनीवरून जरूर करावी.