दीड वर्ष थांबू नका



ऊसतोडीच्या हंगामात नेसरी परिसरातील खोपींवर आम्ही आरोग्यभेटीला जातो. गेल्या हंगामात एका आदिवासी मातेने मला बाजूला घेऊन विचारले, "सिस्टर, बाळाचं कळायला दीड वर्ष थांबावं लागतं ना?" ती एचआयव्हीबाधित होती, बाळ पाच आठवड्यांचे. हा समज अनेकांचा आहे, म्हणून तिला दिलेले उत्तर आपणांसही सांगते.

नेहमीच्या तपासणीत विषाणू नव्हे, त्याच्याविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्ये शोधतात. आईची प्रतिद्रव्ये वारेतून बाळात उतरतात आणि अठरा महिन्यांपर्यंत टिकू शकतात. त्यामुळे निरोगी बाळही या तपासणीत बाधित दिसू शकते. पीसीआर तपासणी मात्र खुद्द विषाणूचा अंश शोधते. बाळ सहा आठवड्यांचे झाले की टाचेला टोचून रक्ताचे थेंब खास कागदावर घेतात, सुकवतात व प्रयोगशाळेत पाठवतात. बर्फ लागत नाही, म्हणून खेड्यातूनही नमुना नीट पोहोचतो. शासकीय कार्यक्रमात २०१० पासून ही सोय मोफत आहे.

घाई कशासाठी? उपचार न मिळालेल्या बाधित बाळांपैकी सुमारे एक तृतीयांश पहिल्या वाढदिवसापूर्वी आणि निम्मी दुसऱ्यापूर्वी दगावतात. लक्षणांची वाट न पाहता लगेच औषध सुरू केल्यास मृत्यू ७६ टक्क्यांनी घटतात, असे दक्षिण आफ्रिकेतील अभ्यासात २००८ साली दिसून आले. आशेची गोष्टही आहे. काहीच न केल्यास १५ ते ४५ टक्के बाळांना लागण होते. आईने एआरटी औषधे नियमित घेतली आणि बाळाला प्रतिबंधक औषध दिले, तर हे प्रमाण ५ टक्क्यांच्या खाली येते.

सहा आठवड्यांच्या लसीच्या दिवशीच आम्ही त्या मायलेकरांना गडहिंग्लजला नेले. पण अहवाल येण्याआधी टोळी उठली. संपर्काला होता तो मुकादमाचा फोन. निरोप एवढाच ठेवला, "बाळाला डोसाला आणा." तिला अर्थ ठाऊक होता. दोन दिवसांनी तिचा फोन आला. बाळात विषाणू आढळला नव्हता! तरी ती अंगावर पाजते आहे, तोवर धोका संपलेला नाही. पुढच्या तपासण्या आणि अठरा महिन्यांची अखेरची खात्री तिच्या जिल्ह्यातील केंद्रात व्हायची आहे.

आपण काय करू शकतो? अशा मातेला गाडीभाडे द्यावे, सोबत जावे आणि तिचे गुपित राखावे. विश्वासाने कळलेला एखाद्याचा एचआयव्ही संमतीवाचून उघड करण्यास २०१७ च्या कायद्याने मनाई आहे. मंडळीत प्रार्थनेसाठी विनंती करतानाही नाव घेऊ नये. प्रभू तिला नावाने ओळखतो.

त्या बाळाचे आपल्या प्रार्थनेत स्मरण असावे.

प्रभूच्या सेवेतील आपली एक भगिनी